फणसांबा ते शिताके : अळंबीतल्या औषधी सत्त्वाच्या शोधाची कथा

पावसाळा लागला की पनवेलच्या बाजारात आणि कर्नाळ्याच्या पायथ्याशी मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला कातकरी आणि ठाकर बाया रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. आधी शेवळं येतात, मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली. मध्येच एखाद्या दमट दिवशी पाऊस उघडतो, ऊन पडतं आणि पानावर मांडलेला अळंबीचा वाटा दिसतो. तो फार वेळ राहत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक त्यासाठीच सकाळी लवकर आलेलं असतं. ही भाजी पेरून येत नाही. ज्याला रानातली जागा ठाऊक, त्यालाच ती मिळते.

उरण तालुक्यातल्या जासईपासून चिरनेरपर्यंतच्या या पट्ट्यात एका अंगाला खाडीलगतची भातखाचरं आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. अळंबीला जे लागतं ते सगळं इथं आहे : डोंगरात वारुळं आणि कुजलेलं लाकूड, शेतात भाताचा पेंढा. आता हीच अळंबी औषधांच्या दुकानात पूड होऊन, कॅप्सूल होऊन, ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असं लिहिलेल्या महागड्या डब्यांत पोचली आहे. त्या एका वाक्यामागे जवळपास ऐंशी वर्षांचं संशोधन उभं आहे. ते क्लीव्हलंड, टोकियो आणि ऑक्सफर्डमध्ये झालं आणि त्याचा एक धागा पुण्यात आणि कोकणातही सापडतो. हा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे येते. औषधी अळंबी जपानकडे होती तशी आपल्याकडेही होती. जपानी शास्त्रज्ञांनी घरगुती औषधाला वेळेवर प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. आपण तो प्रश्न फार उशिरा विचारला.

ग्रंथ, सोवळं आणि सहाण

आपल्या जुन्या वैद्यकाला अळंबी अनोळखी नव्हती. सुश्रुतसंहितेत ती कशावर उगवते यावरून तिची वर्गवारी केली आहे : पेंढ्यावरची, उसाच्या चोथ्यावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीतून आलेली. प्रत्येकीचे गुण वेगळे सांगितले आहेत, आणि पेंढ्यावरची अळंबी गोड, रुक्ष आणि दोष शमवणारी मानली आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे निरीक्षण आजच्या शास्त्रालाही पटेल, कारण बुरशी ज्यावर वाढते त्याप्रमाणे तिची घडण खरोखरच बदलते. चरकसंहितेचा सूर सावध आहे. एका विषारी जातीला वगळून बाकीच्या अळंब्या थंड, पचायला जड आणि पडसं आणणाऱ्या आहेत, असं तिथं म्हटलं आहे. मनुस्मृतीनं तर द्विजांना अळंबी निषिद्धच ठरवली.

या निषेधाचा परिणाम दूरवर गेला. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांच्या ताटात अळंबी नव्हती. ज्यांच्या ताटात होती, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यामुळे कोणती खायची, कोणती टाळायची, कोणती कशावर लावायची हे ज्ञान आदिवासी पाड्यांत आणि कुणबी-आगरी घरांत तोंडातोंडीच राहिलं.

त्या ज्ञानाचा एक ठळक नमुना म्हणजे फणसांबा. फणसाच्या जुन्या खोडावर ही बुरशी वाढते : अर्धगोल, लाकडासारखी कठीण, वरून काळपट आणि भेगाळलेली, खालून तपकिरी. ती चावता येत नाही, भाजीत घालता येत नाही. तिचा तुकडा वाळवून ठेवतात, लागेल तेव्हा थोड्या पाण्यात सहाणेवर उगाळतात आणि तो लेप बोटानं मुलाच्या हिरड्यांना लावतात. तोंडातून लाळ फार गळत असेल, तोंड आलं असेल, तर कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात हा उपाय करत. रक्त थांबवण्यासाठी आणि जुलाबावरही फणसांब्याचा वापर होत असे. वैद्यांच्या दुकानांत तो काष्ठौषधींबरोबर मिळायचा. तो लागू का पडतो, हे मात्र कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

रान कोणाचं?

न तपासण्यामागे सोवळं हे एकच कारण नव्हतं. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी रानावरचा गावाचा हक्क काढून घेतला. पिढ्यान्‌पिढ्या जिथून लाकूडफाटा, चारा, कंदमुळं आणली, तिथं पाऊल टाकणं हा गुन्हा ठरू लागला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या रानात उरण-पनवेल भागातले हजारो लोक हा कायदा मोडायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नवश्या महादेव कातकरी होते.

चिरनेरचा सत्याग्रह अळंबीसाठी नव्हता. पण अळंबीच्या इतिहासात त्याची जागा आहे. सरकारदरबारी ज्याची नोंद रानातला चोर म्हणून होते, त्याच्याकडे रानाचा जाणकार म्हणून कोण जाणार? वारुळावरची अळंबी कोणत्या नक्षत्रात येते, ती उपटताना खाली किती खोल सोट असतो, दुसऱ्या वर्षी तिथंच यावी म्हणून काय राखायचं, हे कातकऱ्याला माहीत होतं. वारुळातली वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याचा लगदा करून त्यावर बुरशीची शेती करते आणि पावसात त्याच शेतातून हा लांब सोट जमीन फोडून वर येतो, हे शास्त्रानं नंतर सांगितलं. ही शेती वाळवीला कोट्यवधी वर्षांपासून साधली आहे. माणसाला ती अजून फायद्यात करता आलेली नाही. म्हणूनच वारुळावरची अळंबी आजही रानातूनच आणावी लागते, आणि ती आणणाऱ्याचं ज्ञान हेच तिचं सगळं भांडवल आहे.

क्लीव्हलंडमधलं यीस्ट

शास्त्राच्या बाजूनं ही कथा एका वेगळ्याच बुरशीपासून सुरू होते : पाव फुगवणाऱ्या यीस्टपासून. १९४१ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात लुई पिलेमर आणि एन्रिके एकर रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या संरक्षक प्रथिनांचा अभ्यास करत होते. यीस्टच्या पेशींचं बाहेरचं कवच रक्तद्रवात टाकलं की ही यंत्रणा हलते, असं त्यांना दिसलं. त्या कवचातून काढलेल्या पदार्थाला ‘झायमोसान’ हे नाव मिळालं. पुढे १९५४ मध्ये पिलेमर यांनी ‘प्रॉपर्डिन’ हे रक्तातलं नवं प्रथिन जाहीर केलं. ठरावीक रोगाची ओळख नसतानाही शरीर परक्या जिवाविरुद्ध उभं राहू शकतं, असं ते सांगत होते. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, सहकाऱ्यांनी शंका घेतल्या, वाद चिघळला. १९५७ मध्ये त्या वादाच्या भरातच पिलेमर यांचं निधन झालं. दोन दशकांनी विज्ञानानं मान्य केलं की त्यांचं म्हणणं खरं होतं.

झायमोसानमधला नेमका कोणता घटक काम करतो, हे १९६१ मध्ये रिगी आणि डी लुझिओ यांनी दाखवून दिलं : बीटा-ग्लुकान. साखरेच्या रेणूंची ही लांब साखळी बुरशीच्या पेशीभिंतीचा मोठा भाग असते. माणसाच्या पेशींना असली भिंत नसते. पुढच्या सगळ्या शोधाचं मर्म याच फरकात होतं, पण ते कळायला आणखी चाळीस वर्षं जायची होती.

याच काळात पुण्यातही बुरशीचा अभ्यास जोमात होता. १९४६ मध्ये शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. बुरशीशास्त्राची मराठी परंपरा तिथं रुजली आणि बुरशीच्या नमुन्यांच्या तिथल्या संग्रहाला श्रीपाद लक्ष्मण आजरेकर या थोर बुरशीशास्त्रज्ञाचं नाव मिळालं. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. बुरशीतून औषध निघतं, हे पुणेकर रोज डोळ्यांनी पाहत होते. पण पेनिसिलीनची रीत जंतूला थेट मारण्याची होती. शरीराच्या स्वतःच्या सैन्याला जागं करणारी बुरशी असू शकते, हा विचार अजून दूर होता.

टोकियोचे उंदीर

तो विचार टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात पुढे गेला. अमेरिकेत १९५७ मध्ये ई. एच. लुकास यांनी काही अळंब्यांचा अर्क उंदरांतल्या गाठींवर परिणाम करतो, असं नोंदवलं होतं. जपानमध्ये तर अळंबी हे रोजचं अन्न आणि जुनं औषध. तेत्सुरो इकेकावा, गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की लोक जे खातात आणि औषध म्हणून वापरतात, तेच प्रयोगशाळेत आणायचं.

पद्धत साधी होती. अळंबी गरम पाण्यात उकळून अर्क काढायचा. ज्या उंदरांच्या अंगात ‘सार्कोमा १८०’ या कर्करोगाच्या पेशी टोचल्या आहेत, त्यांना तो अर्क पोटातून टोचायचा, आणि अर्क न दिलेल्या उंदरांच्या गाठींशी त्यांच्या गाठी ताडून पाहायच्या. १९६८ आणि १९६९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शिताके या जपानी अळंबीनं गाठींची वाढ ८०.७ टक्क्यांनी रोखली. आपण जिला धिंगरी म्हणतो, तिनं ७५.३ टक्क्यांनी. सगळ्यांत वर होती एक लाकडासारखी कठीण, न खाता येणारी बुरशी : तुतीच्या खोडावर वाढणारी मेशिमाकोबू. तिचा आकडा होता ९६.७ टक्के. शास्त्रीय नाव फेलिनस लिंटिअस.

फेलिनस म्हणजेच फणसांब्याचं कूळ. कोकणातल्या सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या बुरशीची सख्खी बहीण टोकियोच्या यादीत पहिली आली होती. पण कोकणाला हे माहीत नव्हतं आणि टोकियोला कोकण माहीत नव्हतं.

चिहारा इथंच थांबले नाहीत. गरम पाण्याच्या अर्कात शेकडो पदार्थ असतात, त्यांतला कामाचा कोणता हे शोधायचं होतं. २०० किलो ताज्या शिताकेतून त्यांना जेमतेम ३१ ग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला. तो बीटा-ग्लुकान निघाला, म्हणजे पिलेमर यांच्या यीस्टमध्ये सापडलेल्याच जातीची साखळी. त्याला ‘लेंटिनान’ असं नाव दिलं आणि १९६९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची माहिती छापली.

या लेंटिनानच्या दोन गोष्टींनी संशोधक थक्क झाले. कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर लेंटिनान टाकलं तर त्यांना काहीच होत नव्हतं. म्हणजे हा पदार्थ पेशी मारत नव्हता, तर उंदराच्या शरीरात दुसरं काहीतरी घडत होतं. शिवाय मात्रा वाढवली की परिणाम वाढत नव्हता, उलट नाहीसा होत होता. मग १९७१ मध्ये माएदा आणि चिहारा यांनी निर्णायक प्रयोग केला. उंदरांच्या छातीतली थायमस ग्रंथी काढून टाकली. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात, आणि ही ग्रंथी प्रतिकारशक्तीसाठी लागते हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. ग्रंथी गेली आणि लेंटिनानचा परिणामही गेला.

लढत होतं ते उंदराचं शरीर. अळंबीनं त्याला फक्त उठवलं होतं. औषधशास्त्रात ही कल्पना तेव्हा नवी होती आणि तिला भक्कम पुरावा देण्याचं मोठं काम शिताकेनं केलं.

औषध झाल्यावर

त्यानंतर जपाननं झपाट्यानं पावलं टाकली. झाडाच्या बुंध्यावर रंगीत पट्ट्यांचे पंखे धरणाऱ्या ट्रॅमिटीस व्हर्सिकलर या बुरशीपासून काढलेलं क्रेस्टिन १९७७ मध्ये मान्य झालं. जठराच्या कर्करोगात रसायनोपचाराच्या जोडीनं द्यायला लेंटिनानला १९८५ मध्ये परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचाराच्या जोडीला शिझोफायलान हे औषध आलं. ते ज्या शिझोफायलम बुरशीतून येतं, ती आपल्याकडे सुकल्या आंब्याच्या फांदीवर पांढरट, केसाळ, चिमुकल्या पंख्यांच्या रूपात जागोजाग दिसते.

यांतला क्रेस्टिनचा पुरावा १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांपैकी काहींना नुसता रसायनोपचार दिला, काहींना जोडीला क्रेस्टिन. पाच वर्षांनी पहिल्या गटात ६० टक्के आणि दुसऱ्या गटात ७३ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक लहान नाही. पण तो नीट वाचायला हवा : शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार दोन्ही गटांना मिळाले होते. अळंबीचा पदार्थ त्यांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. कर्करोग झालेल्या माणसाला उपचार सोडून अळंबीची पूड घ्यायला सांगणारा माणूस या इतिहासाचा आधार घेऊ शकत नाही. या इतिहासातला एकही प्रयोग त्याच्या बाजूनं बोलत नाही.

त्याच वर्षांत जासईत

टोकियोत लेंटिनानवर काम चाललं होतं, त्याच वर्षांत जासईची माणसं वेगळ्याच लढ्यात होती. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जासईतच १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या दि. बा. पाटील यांनी शेतकऱ्यांना संघटित केलं. १६ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान परिसरात आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं तत्त्व या लढ्यातून आलं आणि पुढे राज्यभर गाजलं.

जमिनीच्या हिशेबात रुपये आणि गुंठे मोजले गेले. भातखाचराबरोबर पेंढा जातो, बांधावरचं झाड जातं, वारूळ जातं, आणि ते ओळखणारा डोळा पुढच्या पिढीत तयार होत नाही, याची मोजणी झाली नाही. आज उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला गेला आहे आणि जासईच्या परिसरात खाचरांच्या जागी कंटेनरची आवारं आहेत. या भागातली अळंबी आता उरलेल्या डोंगरांत आणि कर्नाळ्याच्या अभयारण्याभोवती राहिली आहे. म्हणून तिचं ज्ञान टिपून ठेवणं तातडीचं झालं आहे.

पुण्यानं विचारलेला प्रश्न

सुदैवानं पुण्यात काही माणसं या कामाला लागली होती. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ए. व्ही. साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतातल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या, अळंब्यांची शास्त्रीय नोंद केली आणि १९८० मध्ये ती ग्रंथरूपात आली. १९८३ मध्ये देशभरात अळंबी संशोधनाचा समन्वित प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचं एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात उघडलं.

आणि १९९३ मध्ये पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य यांनी ए. एस. राब्बा यांच्याबरोबर लोकवैद्यकातल्या बुरशींवर एक लेख लिहिला. ‘मायकॉलॉजिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकात तो छापून आला आणि फणसांबा जगापुढे गेला. वैद्यांच्या दुकानांतले आणि झाडांवरचे नमुने तपासल्यावर एकाच नावाखाली फेलिनसच्या अनेक जाती वापरात आहेत, हे वैद्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून पुढे उघड झालं. ही माहिती दिसायला साधी, पण मोलाची. एका वैद्याचा फणसांबा लागू पडतो आणि दुसऱ्याचा पडत नाही, तर त्याचं कारण कदाचित हेच असेल. लोकज्ञान आणि प्रयोगशाळा अशी समोरासमोर आली, तेव्हाच हा प्रश्न नीट मांडता आला.

टोकियोची यादी १९६८ ची, पुण्याचा लेख १९९३ चा. मधली पंचवीस वर्षं बुद्धी कमी पडली म्हणून गेली नाहीत. आजरेकर, आघारकर, साठे यांच्या परंपरेला बुद्धीची वाण नव्हती. घरातल्या सहाणेवरची वस्तू विज्ञानाचा विषय होऊ शकते, हा विश्वास यायला तेवढा काळ लागला.

ऑक्सफर्डची चावी, धिंगरीचा पुरावा

एक कोडं अजून बाकी होतं. अळंबी शरीराला उठवते, पण कशी? २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन विद्यालयात गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी त्याचं उत्तर शोधलं. याच विद्यालयात फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलीनचं औषध केलं होतं. आपल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर ‘डेक्टिन-१’ नावाचं एक प्रथिन असतं आणि ते बीटा-ग्लुकान ओळखतं, असं त्यांनी दाखवलं. गावात शिरलेला परका माणूस पोलीस पाटलाच्या नजरेतून सुटत नाही, तसं हे प्रथिन बुरशीची भिंत ओळखतं आणि बाकीच्या पेशींना सावध करतं. कोट्यवधी वर्षं घातक बुरशींनी प्राण्यांवर हल्ले केले, त्यातून हा पहारा घडला. खायची अळंबी घातक नसते, पण तिची भिंत त्याच मालाची असते, म्हणून शरीर जागं होतं. नंतर नेदरलँड्समधल्या मिहाई नेटिया यांच्या गटानं दाखवलं की बीटा-ग्लुकानशी एकदा गाठ पडलेल्या पेशी पुढच्या वेळी जास्त जोरानं काम करतात. या गुणाला त्यांनी ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हटलं.

म्हणजे अळंबी बाहेरून शक्ती आणून ओतत नाही. ती शरीराची ओळखण्याची क्षमता चाळवते. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या अंगावर उलटली आहे, किंवा दुसऱ्याचा अवयव बसवल्यामुळे जो ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो, त्यानं हे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, याचं कारणही हेच. आणि जास्त मात्रेत परिणाम नाहीसा होतो, हे चिहारांच्या उंदरांनी कधीच सांगून ठेवलं आहे.

खाण्याच्या अळंबीचा पुरावा हळूहळू येतो आहे. धिंगरीपासून काढलेला ‘प्लुरान’ हा बीटा-ग्लुकान स्लोवाकियात वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या १७५ मुलांवर तपासला गेला. २०१३ मध्ये आलेल्या निकालानुसार तो घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के मुलांना औषधाच्या काळात एकदाही श्वसनाचा संसर्ग झाला नाही. तुलनेसाठीच्या, प्लुरान न घेणाऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. परिणाम माफक, पण खरा. अळंबीचं मोल बीटा-ग्लुकानवर संपत नाही. ऊन लागलेल्या अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि १९०९ मध्ये शार्ल तान्रे यांनी शोधलेलं अर्गोथायोनीन हे पेशींचं रक्षण करणारं द्रव्य आपल्या आहारात प्रामुख्यानं अळंबीतूनच येतं.

पेंढ्याचं काम, नोंदवहीचं काम

धिंगरी पिकवायला भाताचा पेंढा पुरतो, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेनं १९६२ मध्येच दाखवलं. पेंढ्याचे बारीक तुकडे रात्रभर भिजवायचे, गरम पाण्यातून काढून निर्जंतुक करायचे, निथळल्यावर पिशवीत पेंढा आणि बियाणं असे थर द्यायचे आणि पिशव्या अंधाऱ्या, दमट खोलीत टांगायच्या. पंधरा-वीस दिवसांत सगळा पेंढा बुरशीच्या धाग्यांनी पांढरा होतो. मग पिशवी फाडून रोज पाणी शिंपडायचं, की थोड्या दिवसांत शिंपल्यासारखे घोस बाहेर येतात. जिथं अजून खाचरं उरली आहेत, तिथल्या बचतगटांना हे काम सहज जमण्यासारखं आहे. सुश्रुतसंहितेनं वाखाणलेली पेंढ्यावरची अळंबी रायगडच्या घराघरांत पिकू शकते, आणि महागड्या डब्यांपेक्षा ती कितीतरी स्वस्तात शरीराच्या उपयोगी पडते.

रानातल्या अळंबीबाबत मात्र हयगय चालत नाही. दरवर्षी पावसाळ्यात विषारी अळंबी खाऊन माणसं दगावतात. काही जातींचं विष उकळूनही जात नाही आणि लक्षणं कित्येक तासांनी दिसू लागतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. चित्र पाहून किंवा ऐकीव खुणांवर अळंबी ओळखता येत नाही. ती ओळखायला वर्षानुवर्षं रानात घालवलेली नजर लागते, आणि ती नजर आजही पाड्यांवर आहे.

त्या नजरेची नोंद व्हायला कायद्यानं जागा करून दिली आहे. माधव गाडगीळ यांनी लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना देशात रुजवली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं तिला आधार दिला. गावोगावच्या समित्यांनी स्थानिक वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलचं ज्ञान या वहीत लिहायचं असतं. जासई, चिरनेर आणि कर्नाळ्याभोवतीच्या गावांच्या वह्यांत अळंबीचं पान स्वतंत्र हवं. कोणती अळंबी कोणत्या झाडावर, कोणत्या नक्षत्रात, कशावर लावतात, हे तिथं लिहिलं जावं आणि सांगणाऱ्याच्या संमतीनं त्याचं नावही यावं. नमुने पुण्याच्या संग्रहात जावेत आणि प्रयोगशाळेत तपासले जावेत. त्यातून उद्या औषध निघालं, तर त्या पाड्याला कायद्यानं ठरवलेला वाटा मिळावा. फणसांबा लावून बरं वाटतं, एवढंच म्हणत राहणं म्हणजे लोकज्ञानाची पूजा झाली. तो का लागू पडतो, कुणाला पडतो आणि कुणाला पडत नाही, हे शोधणं हाच त्याचा खरा मान. जपाननं शिताकेला तो मान दिला आणि जगाला एक नवं औषधशास्त्र मिळालं. आपल्या डोंगरांतल्या अळंबीला आणि ती ओळखणाऱ्या माणसांना तोच मान मिळायला आणखी एक पिढी जाऊ देणं आपल्याला परवडणार नाही.